शेतात, अंगणात, माळावर काही जाळण्याआधी: नियम, परवानगी आणि आगीचा बंदोबस्त

‘जाळायची परवानगी कुठे मिळते?’ हा प्रश्न जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत गावोगाव विचारला जातो. महाराष्ट्रात त्याला एका ओळीचं उत्तर नाही, कारण उघड्यावर जाळण्याचा असा एकच परवाना किंवा एकच खिडकी आपल्याकडे नाही. काही वस्तू जाळायला कोणीही परवानगी देऊ शकत नाही, सरपंच नाही आणि मुख्याधिकारीही नाही. काही जागा अशा आहेत की तिथे काडी ओढणं हाच गुन्हा ठरतो. उरलेल्या बाबतीत थेट मनाई नसते, पण आग हद्द ओलांडून गेली की सगळी जबाबदारी पेटवणाऱ्याच्या अंगावर येते.

तुमचं काम यांपैकी कशात मोडतं हे कळायला तीन गोष्टी बघाव्या लागतात: जमीन कोणती, जाळायचं काय, आणि जंगल किती लांब व महिना कोणता. क्रम हाच ठेवा. पहिल्याच प्रश्नावर ‘नाही’ आलं, तर पुढचं सगळं तिथेच संपतं.

पहिली पायरी: सातबारा नीट वाचा

‘माझंच शेत आहे’ हे पुरेसं नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचं असतं, वहिवाट पिढ्यान् पिढ्या असते, आणि तरी ‘इतर अधिकार’ या रकान्यात ‘वने’, ‘राखीव वन’ किंवा ‘खाजगी वन’ असा शेरा पडलेला असतो. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत हे फार सापडतं. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ रोजी लागू झाला, तेव्हापासून या जमिनींचे वाद चालू आहेत. तुमच्या जमिनीवर असा शेरा असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत तिथे आग लावू नका. वाद कोर्टात तुमच्या बाजूने सुटू शकेल, पण मधल्या काळातला वनगुन्हा त्याने पुसला जाणार नाही.

विदर्भात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत झुडपी जंगल हा वेगळा प्रकार आहे. दिसायला तो ओसाड माळ असतो आणि गाव त्यावर गुरं चारतं. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाच्या जमिनी वन म्हणूनच धरल्या. ‘इथे झाड तरी कुठे आहे?’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. गायरान, गावठाणातली मोकळी सरकारी जागा, नदीपात्र, रस्त्याची कड यांतलं काहीच तुमच्या मालकीचं नसतं, म्हणून तिथे जाळण्याचा हक्कही तुमचा नाही.

शंका असेल तर तलाठ्याकडून (हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) गटाचा नकाशा घ्या आणि बीटच्या वनरक्षकाला हद्द दाखवायला सांगा. वनहद्दीवर दगडी बुरूज असतात, त्यांवर क्रमांक रंगवलेले असतात. पावसाळ्यानंतर ते गवतात बुडतात, म्हणून हे काम डिसेंबरमध्येच करून घ्यावं. एप्रिलमध्ये वनरक्षकाला वेळ नसतो.

दुसरी पायरी: जाळायचं काय?

कचरा जाळायचा नाही. याला अपवाद शोधू नका. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, सार्वजनिक मोकळ्या जागी, नाल्यात कचरा टाकायला, जाळायला, पुरायला मनाई केली. तेव्हा अनेक सोसायट्यांनी वाट काढली की आवार आमचं आहे, आम्ही आत जाळतो. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात ती वाट बंद केली. कचराभूमीसकट कोणत्याही जमिनीवर उघड्यावर कचरा जाळायला पूर्ण मनाई झाली, साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरली. शिवाय पालिका आणि नगर परिषदांचे आपापले दंड आहेत, ते गावागणिक वेगळे. तुमच्याकडची रक्कम वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य निरीक्षकाला विचारा.

पालापाचोळाही यातच येतो. बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तसा विल्हेवाटीला द्यायचा, असं नियम सांगतात. झाडाच्या बुंध्याशी पाला गोळा करून पेटवण्याची सवय शहरांत जागोजाग दिसते आणि मला ती सगळ्यात जास्त खटकते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ मध्ये झाड तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणं आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे. बुंध्याची साल भाजली, तर पाला जाळला एवढ्यावर प्रकरण थांबत नाही. झाडू मारणारा माणूस पाला पेटवत असेल तर त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, कारण पाला उचलायची गाडी आलेली नसते. सोसायटीत चार फूट लांबीरुंदीचा जाळीचा खड्डा करून द्या. वर अधूनमधून शेणपाणी शिंपडलं की पावसाळ्याअखेर खत तयार होतं.

टायर, प्लास्टिक, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंग पेपर, कीटकनाशकांचे डबे, तांब्यासाठी वायर हे शेतातही जाळायचं नाही. ठिबकच्या नळ्या भंगारवाला घेतो. कीटकनाशकाचे रिकामे डबे तीनदा खळबळून, भोकं पाडून वेगळे ठेवा. असल्या जिनसांचा धूर पहिल्यांदा पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो.

आता शेतातलं उरलेलं. पंजाब-हरियाणातल्या पराली (भाताचं उरलेलं काड) जाळण्यावरच्या दंडाच्या बातम्या वाचून अनेकांना वाटतं की एकरानुसार तोच दंड आपल्यालाही लागू आहे. तसं नाही. ते दंड राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि आसपासच्या राज्यांसाठी आहेत. पण याचा अर्थ इथे रान मोकळं आहे असाही नाही. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ च्या कलम १९(५) खाली राज्य सरकार हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात इंधन नसलेली कोणतीही वस्तू जाळायला मनाई करू शकतं. जिल्हाधिकारी तात्पुरते मनाई आदेश काढू शकतात. म्हणून दर हंगामात तहसील कार्यालयाच्या सूचना फलकाकडे एकदा नजर टाका, किंवा पोलीस पाटलाला विचारा. असे आदेश पहिल्यांदा त्यांच्याकडे येतात.

तिसरी पायरी: जंगल किती लांब, महिना कोणता?

हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनाला आग लावणं हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमातल्या आणखी दोन गोष्टी मात्र फारशा कोणाला माहीत नसतात. एक, वनाला धोका होईल अशा रीतीने नियम मोडून आग पेटवणं किंवा जळती सोडून जाणं हाही गुन्हा आहे. म्हणजे काडी तुम्ही तुमच्या बांधाच्या आत ओढली आणि जाळ पलीकडे गेला, तरी ‘मी जंगलात पाऊल ठेवलं नव्हतं’ हा बचाव तोकडा पडतो. दोन, वनअधिकाऱ्याने मोकळीक दिलेला हंगाम सोडून राखीव वनात आग पेटवणं, ठेवणं आणि नुसती घेऊन जाणंसुद्धा मना आहे. मध काढायला नेलेला धुमसता टेंभा यात येतो, आणि गुराख्याच्या हातातली पेटती बिडीही.

याच कलमात एक सामूहिक शिक्षा आहे. वणवा मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागला असेल, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ स्थगित करू शकतं. काडी एकाची, आणि गुरं उपाशी अख्ख्या गावाची. ग्रामसभेत बोलताना दंडापेक्षा हा मुद्दा लोकांना जास्त पटतो.

वन विभाग साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, म्हणजे ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून, जाळून मोकळे ठेवतात. या चार महिन्यांत वनहद्दीजवळ काहीही पेटवण्याआधी लेखी कळवणं सोडू नका. लपूनछपून काम उरकेल या भ्रमात राहू नका. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणं टिपते आणि त्यांचे अक्षांश-रेखांश वन कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर पाठवते.

अभयारण्य असेल तर प्रश्नच मिटतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला आणि जळती सोडायला मनाई आहे, राष्ट्रीय उद्यानांनाही ती लागू आहे. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, भीमाशंकरचा परिसर अभयारण्य आहे, कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे रात्री मुक्कामाला शेकोटी हवीच असं ज्यांना वाटतं, त्यांनी जास्तीचं स्वेटर न्यावं. अनेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, आणि केंद्र संरक्षित स्मारकात परवानगीच्या जागा सोडून स्वयंपाक करायलाही नियमाने मनाई आहे. चूल पेटवायचीच असेल तर गडाखालच्या गावात, कोणाच्या तरी अंगणात, घरमालकाला विचारून.

चौथी पायरी: कळवायचं कोणाला आणि कसं

समजा, जमीन निर्विवाद तुमची आहे, जिन्नस शेतातलाच आहे, मनाई आदेश नाही. आता तीन ठिकाणी कळवा: वनहद्द जवळ असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, गावात पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीला, आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना. शेजाऱ्याला तोंडी सांगितलं तरी चालेल, पण आदल्या दिवशी आणि घरी जाऊन. त्याची कडब्याची गंजी तुमच्या बांधाला लागून असेल, आंब्याची कलमं पलीकडच्या उतारावर असतील, तर काय करायचं ते त्याच्याशी बोलूनच ठरतं.

अर्ज आठवडाभर आधी द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. मजकूर साधा असावा (इथे उदाहरण राबाचं, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला-गवत रचून भाजण्याचं):

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी, (परिक्षेत्र)

विषय: मालकीच्या क्षेत्रात राब भाजण्याबाबत आगाऊ सूचना

महोदय,
मौजे ……, ता. ……, येथील गट क्र. …… हे क्षेत्र माझ्या मालकी वहिवाटीस आहे. त्यापैकी सुमारे …… गुंठे जागेत दि. …… रोजी सकाळी …… ते …… या वेळेत भाताचा राब भाजण्याचे योजिले आहे. सदर जागेपासून वनहद्द …… दिशेस सुमारे …… मीटर अंतरावर आहे. चारही बाजूंनी …… फूट रुंदीचा पट्टा साफ केला असून जागेवर …… माणसे व …… लिटर पाणी हजर राहील. वारा असल्यास काम त्या दिवशी रद्द करून पुढील तारीख कळवीन. आपली हरकत अथवा अटी असल्यास कृपया कळवाव्यात. सोबत सातबारा व हातनकाशा जोडला आहे.

आपला,
(नाव, सही, मोबाईल)

प्रत: १) पोलीस पाटील, मौजे …… २) ग्रामपंचायत कार्यालय, ……

या अर्जावर उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नका. वनरक्षकाला फोन करा, तो जागेवर येऊन गेला तर उत्तम. अर्जाचा खरा फायदा दोन ठिकाणी होतो. धूर दिसल्यावर वन विभागाची माणसं तुमच्याकडे धावत येत नाहीत, खऱ्या वणव्याकडे जातात. आणि पुढे काही बिघडलं, तर तुम्ही काळजी घेतली होती याचा कागद हातात राहतो. पण आगीने नुकसान केलं तर हा कागद तुम्हाला जबाबदारीतून सोडवत नाही.

भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम २८७ आगीबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पिकाचं किंवा मालमत्तेचं नुकसान करण्याच्या हेतूने आग लावली असेल तर कलम ३२६(फ) लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा याहून वेगळा. धरत्या हापूसच्या बागेची भरपाई किती होऊ शकते, याचा अंदाज कोकणातल्या कोणालाही आहे.

राब, पाचट, पऱ्हाटी, मोह: प्रत्येकाची रीत वेगळी

राब भाजणं ही मावळ-कोकणातली जुनी शेतीरीत आहे. वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीतला टाहाळ (छाटलेल्या पानांसह फांद्या), गवत, शेण यांवर ती चालते, आणि इंग्रजांच्या काळात ठाणे-कुलाब्यातल्या (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) रयतेचं वन खात्याशी सगळ्यात मोठं भांडण याच टाहाळावरून झालं होतं. राब नीट रचला तर आगीचा धोका कमी असतो, कारण तो भडकत नाही, धुमसतो. खाली शेण, त्यावर टाहाळ, वर पातेरा (सुका पाला) आणि गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. ही माती महत्त्वाची. ज्यांच्या राबातून ठिणग्या उडतात, त्यांनी बहुधा घाईत माती टाकलेली नसते. तणाचं बी मरतं, राखेतलं पालाश रोपांना मिळतं, रोपं उपटायला सोपी जातात, हे फायदे खरे आहेत. पण दरवर्षी फांद्या छाटून झाडं खुरटी होतात, हेही तितकंच खरं. गादीवाफ्यावर किंवा चटईवर रोपं करणारे, आणि नेरळहून पसरलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीने टोकणी करणारे शेतकरी राबाशिवाय भात घेत आहेत. एका खाचरात करून बघायला हरकत नाही.

उसाचं पाचट जाळू नका, हे मी ठामपणे सांगेन. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं आणि काडी लावली की त्यातला सेंद्रिय कर्ब व नत्र धुरात जातो. खोडवा ठेवायचा असेल तर पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा, आणि दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. तण कमी येतं, उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या वाचतात. कुट्टीसाठी मल्चर लागतो, त्याच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणाखाली करता येतो. उभा ऊस पेटवून तोड लवकर घेण्याचा प्रकार तर दुहेरी तोट्याचा. वजन आणि साखर दोन्ही घटतात, कारखाना जळीत उसाला कपात लावतो. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात उसात बिबट्याची पिल्लं असतात, तिथे फड पेटवणं म्हणजे आणखी एका कायद्याच्या कचाट्यात सापडणं.

कापसाची पऱ्हाटी हा थोडा अवघड मामला आहे. गुलाबी बोंडअळी रोखायला फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या उपटून नष्ट करा, असं कृषी विभागच सांगतो, आणि शेतकरी त्याचा अर्थ पेटवा असा घेतात. श्रेडरने बारीक करून शेतात कुजवणं हा पहिला पर्याय. गावात भाड्याचं यंत्र नसेल आणि कीडग्रस्त बोंडं जाळावीच लागली, तर तेवढीच वेगळी काढून वावराच्या मधोमध, छोट्या ढिगात जाळा. पऱ्हाट्यांची गंजी धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवू नका. वऱ्हाडात उन्हाळ्यात धुरे पेटवताना म्हातारी माणसं भाजून गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. एकटा माणूस, भर दुपार, सुकलेलं कुंदा गवत, अचानक फिरलेला वारा. धुरा साफ करायचा तर विळा किंवा ब्रश कटर वापरा. आजोबांना काडीपेटी घेऊन एकट्याने शेतात जाऊ देऊ नका.

गडचिरोली-गोंदियाकडे मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आगी लावल्या जातात. मोहाखाली पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करा, किंवा जुनी साडी, हिरवी नेट अंथरा. फूल स्वच्छ मिळतं, राख लागत नाही, भावही बरा येतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत वन राखण्याचा अधिकार वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला. अशा ग्रामसभांनी तेंदूच्या करारातच ‘आग लावणार नाही’ ही अट घालावी आणि राखणीच्या पाळ्या लावाव्यात.

होळीबद्दल थोडक्यात: सार्वजनिक जागेत मांडव किंवा रस्ता अडवायचा असेल तर पालिका आणि पोलीस ठाणं यांची परवानगी घ्या, वर वीजतार नको, ओलं झाड तोडायचं नाही, वनातलं लाकूड आणायचं नाही.

गोव्यातही भारतीय वन अधिनियम लागू आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगींनंतर तिथला वन विभाग उन्हाळ्यात फार सतर्क असतो. सत्तरी, सांगे भागातल्या काजू बागायतदारांनी बागेतलं गवत जाळण्याऐवजी कापून आळ्यांत आच्छादन म्हणून पसरावं. काजूच्या बिया गोळा करायला मोकळी जमीन मिळते, ओलही टिकते.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

पट्टा आधी. जिथे जाळायचं त्याच्याभोवती किमान दहा फूट रुंद जागा मातीपर्यंत खरवडून काढा. वरचं गवत कापलं आणि मुळं तशीच राहिली तर त्याला पट्टा म्हणत नाहीत. उताराच्या वरच्या बाजूला हा पट्टा दुप्पट ठेवा, कारण आग चढावर फार वेगाने धावते. ट्रॅक्टर असेल तर रोटाव्हेटरचे दोन फेरे मारले की काम होतं.

वेळ पहाटेनंतरची. दव असतं, वारा पडलेला असतो. किनारपट्टीला सकाळी उशिरा खारे वारे सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात, म्हणून नऊ-साडेनऊच्या आत जाळ संपलेला हवा. एक अडचण मान्य करायला हवी: थंडीत पहाटे धूर वर जात नाही, गावावर आणि रस्त्यावर बसून राहतो. हायवे किंवा शाळा जवळ असेल तर थोडं उन्ह वर येऊ द्या आणि ढीग लहान ठेवा. झाडाचं पानही हलताना दिसलं, फांदी डोलली, तर त्या दिवशी काम नाही.

माणसं किमान तीन, त्यातला एक फक्त वाऱ्याकडे आणि ठिणग्यांकडे बघणारा. पाण्याचं पिंप, पाठीवरचे १६ लिटरचे दोन फवारणी पंप (तणनाशकाचा पंप स्वच्छ धुऊन घेतलेला), फावडं, निरगुडी-करंजासारख्या हिरव्या डहाळ्या झोडपायला. अंगावर सुती, अंगाबरोबरचे कपडे. नायलॉनची साडी, लुंगी, प्लास्टिकची चप्पल नको. रॉकेल, पेट्रोल, डिझेल कशालाच हात लावायचा नाही.

पेटवण्याआधी ढिगात काठी घालून हलवा, साप, ससा, मुंगूस असेल तर निघून जाईल. टिटवीची अंडी उघड्या रानात असतात, ती सापडली तर ती जागा सोडा. पेटवायचं वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून, म्हणजे जाळाला वाऱ्याशी झगडत हळू सरकावं लागेल. चारही बाजूंनी गोल पेटवायचं नाही, त्यात जनावर अडकतं आणि मधला जाळ अचानक उंच उठतो. आणि आपण नेहमी जळून गेलेल्या बाजूला उभं राहायचं, न जळलेल्या गवतात नाही.

विझवणं हे वेगळं काम आहे, त्याला जाळण्याइतकाच वेळ द्या. पाणी मारा, फावड्याने उलथा, परत पाणी मारा. हाताची मागची बाजू निखाऱ्यांवर धरून ऊब लागत नाही ना ते बघा. शेणाच्या गोवऱ्या आणि झाडाचे खुंट आत धुमसत राहतात, दुपारच्या वाऱ्याने तेच परत पेट घेतात. म्हणून एक माणूस संध्याकाळपर्यंत फेरी मारणारा हवा.

आग हाताबाहेर गेली तर

दोन मिनिटांत आवरली नाही तर फोन करा, आधी आपणच बघू असं करत बसू नका. अग्निशमन १०१, आपत्कालीन ११२, आणि महाराष्ट्रात वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६. गट क्रमांक, जवळची खूण, वाऱ्याची दिशा आणि जाळ कोणत्या गावाकडे चाललाय, एवढं सांगा. राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना चराई-वनोपजाचे हक्क आहेत, त्यांनी वणव्याची खबर देणं आणि तो विझवायला मदत करणं वन अधिनियमाच्या कलम ७९ ने बंधनकारक आहे. तेव्हा गावाला हाक मारायला संकोच नको. पण उताराच्या वरच्या बाजूला, खिंडीत किंवा कारवीच्या गचपणात विझवायला उतरू नका, माणसं तिथेच अडकतात.

शेजाऱ्याच्या आगीत तुमचं नुकसान झालं असेल तर जळालेली कलमं, पाइपलाइन, गोठा यांना हात लावण्याआधी मोबाईलवर ठिकाणासह फोटो काढा. तलाठी आणि कृषी सहायकांना (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) त्याच दिवशी लेखी कळवून पंचनामा मागा. पंचनाम्यात ‘अंदाजे नुकसान’ एवढंच लिहून घेऊ नका. झाडांची संख्या, जात, वय, उत्पन्नाची वर्षं, जळालेल्या ठिबकची लांबी असं एकेक नोंदवा आणि सही करण्याआधी वाचा. पोलीस ठाण्यात तक्रार वेगळी द्यावी लागते, तिची प्रत पंचनाम्याला जोडा.

शहरात कोणी कचरा जाळत असेल तर फोटो, वेळ, ठिकाण घेऊन पालिकेच्या ॲपवर किंवा केंद्राच्या ‘स्वच्छता’ ॲपवर टाका, मुंबईत १९१६ वर कळवा. तीच जागा पुन्हा पुन्हा पेटत असेल तर तक्रारींचे क्रमांक एकत्र करून वॉर्ड ऑफिस आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला एकच पत्र द्या. सुट्या तक्रारी ‘निकाली’ म्हणून बंद होतात. क्रमांकांची यादी जोडलेलं पत्र तसं बाजूला सारणं मात्र अवघड जातं.